वजनाचा कांटा व त्याची साक्ष

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना झाली म्हणजे आपल्या जिल्ह्यांत नऊ दिवस उपवासाचेंच वातावरण असतें. तुळजापुराकडे जाणारे रस्ते अनवाणी चालणाऱ्या भाविकांनीं भरून जातात, आणि ज्या घरांत कोणींच उपास धरिला नाहीं असें घर शोधूं गेल्यास बरेंच चालावें लागतें. आषाढी व कार्तिकी एकादशी, भाद्रपदांत जैन बांधवांचें दशलक्षण पर्व, मुसलमान बांधवांचा रमजान, ख्रिस्ती मंडळींचा ईस्टरपूर्वींचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, असे प्रसंग वर्षभर एकामागून एक येतच असतात. हे उपवास ज्या हेतूनें केले जातात तो हेतु वजनाचा नव्हे, आणि त्याविषयीं बोलण्याचा या लेखाचा अधिकारहि नाहीं. परंतु अलीकडे पुष्कळ घरांत वजनाचा कांटा आला आहे, व त्याबरोबर उपवासांत रोज त्यावर उभें राहण्याची संवयहि आली आहे. धार्मिक निमित्तावांचून, केवळ अंग कमी करण्यासाठीं जेवण तोडणारांची संख्याहि वाढत आहे; आणि त्यांत शाळेंत जाणारीं मुलें-मुलीं आहेत, ही गोष्ट शिक्षकांच्या नजरेंतून सुटत नाहीं. म्हणून हा कांटा काय सांगतो व काय सांगत नाहीं याचा थोडा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मिळून करावा, असें वाटतें.

पुष्कळ घरांत घडणारा प्रकार असा असतो. थोरली बहीण नवरात्राचा उपास धरिते. तिसऱ्या दिवशीं सकाळीं कांटा दीड किलोनें उतरलेला दिसतो, व तिचा उत्साह दुणावतो. पुढें कांटा एका जागीं खिळून राहतो. सातव्या दिवशीं, कांहीं अपराध नसतां, तो अर्धा किलो वर सरकतो. मग दसरा येतो, पुरणपोळी होते, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पाहावें तों दोन किलो परत! "आई, नऊ दिवस सगळे फुकट गेले गं!" असें ती रडकुंडीला येऊन म्हणते; आणि आई म्हणते, "तुझ्या अंगालाच लागतंय बघ सगळं." या संवादांत दोघींचाहि समज खोटा आहे. नऊ दिवस फुकट गेलेले नसतात, आणि अंगालाहि कांहीं लागलेलें नसतें.

कांट्यावर उभें राहिल्यानें नेमकें कशाचें वजन होतें? चरबीचें, असें उत्तर मनांत धरूनच आपण त्यावर चढतों. पण कांटा तर हाडें, मांस, रक्त, पोटांतील अन्न, आंतड्यांतील मळ, मूत्राशयांतील मूत्र, अंगावरील कपडे आणि नुकतेंच प्यालेलें तांब्याभर पाणी या सर्वांची बेरीज सांगतो. बेरजेंतील कोणती रक्कम बदलली हें सांगण्याचें साधन त्याच्यापाशीं नाहीं. त्यांतहि प्रौढ मनुष्याच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगांत तीस ते छत्तीस किलो पाणी खेळत असतें. एवढ्या मोठ्या सांठ्यांत किलो-दीड किलोची घटबढ होण्यास काय वेळ लागणार?

ही घटबढ नित्य चालते हें चारशें वर्षांपूर्वीं एका इटालियन वैद्यानें मोजून दाखविलें होतें. पादुआ येथील विद्यापीठांत शिकविणारा सांतोरिओ (१५६१–१६३६) याने एक खुर्ची मोठ्या तराजूस टांगिली, आणि अनेक वर्षें तो त्या खुर्चीवर बसून स्वतःचें वजन करीत असे. खाल्लेल्या अन्नाचें, प्यालेल्या पाण्याचें व मलमूत्राचेंहि. १६१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें असें नमूद केलें कीं, एका दिवसांत आठ पौंड अन्नपाणी पोटांत गेलें तर त्यांतील सुमारें पांच पौंड डोळ्यांस न दिसतां त्वचेवाटे व श्वासावाटे निघून जातें. आजच्या मापनांत हा आंकडा बराच कमी भरतो, तरी मूळ गोष्ट खरी ठरली आहे. रात्रीं झोंपतांना व सकाळीं उठतांना वजन करून पाहावें. कांहीं न करतां अर्धा किलो किंवा त्याहून अधिक घट दिसते. कोणाचीहि चरबी झोंपेंत अर्धा किलो झडत नाहीं.

आतां उपवासाच्या पहिल्या तीन दिवसांकडे वळूं. भाकरी, भात, पोळी यांतील पिष्टाची शरीरांत साखर होते, व तिचा कांहीं भाग ग्लायकोजन नांवाच्या पदार्थाच्या रूपानें यकृतांत व स्नायूंत सांठविला जातो. यकृतांत सुमारें शंभर ग्रॅम व स्नायूंत सुमारें चारशें ग्रॅम, म्हणजे एकंदर अर्धा किलोच्या आसपास हा सांठा असतो. घरांत अडीअडचणीसाठीं डब्यांत ठेवलेल्या सुट्या पैशांसारखें हें धन आहे. गरज पडतांच प्रथम तेंच खर्चीं पडतें. परंतु ग्लायकोजन कोरडें राहत नाहीं. एका ग्रॅमामागें तें सुमारें तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतें. अर्धा किलो ग्लायकोजनाबरोबर दीड किलो पाणी, मिळून दोन किलो. आहार एकदम तोडला कीं हा सांठा उतरूं लागतो, त्यानें धरलेलें पाणी सुटतें व मूत्रावाटे जातें. त्याच वेळीं मूत्रपिंडें मीठहि अधिक बाहेर टाकितात, आणि मिठामागोमाग आणखी पाणी जातें. जेवणच थोडें झाल्यामुळें आंतड्यांतील भारहि हलका होतो. तिसऱ्या दिवशींचा दीड किलो तो हा.

मग चरबी किती गेली? याचें गणित सातव्या इयत्तेंतील विद्यार्थ्यासहि करितां येईल. शरीरांतील एक किलो चरबी खर्च होण्यास सुमारें ७,७०० उष्मांकांची तूट पडावी लागते. एखाद्या स्त्रीचा रोजचा खर्च २,००० उष्मांक धरिला, आणि तिनें रोज अर्धेंच अन्न घेतलें, तर दिवसाची तूट १,००० उष्मांक. म्हणजे चरबी फार तर १३० ग्रॅम. तीन दिवसांत चारशें ग्रॅमहि नव्हे. नऊ दिवसांत ९,००० उष्मांक, म्हणजे सव्वा किलोच्या आंतच. निर्जळी राहून कांहींच खाल्लें नाहीं तरी एका दिवसांत पाव किलोच्या फार पुढें चरबी जाऊं शकत नाहीं. यावरून "आठ दिवसांत पांच किलो" असें ओरडून सांगणाऱ्या जाहिरातींची किंमत वाचकांनींच ठरवावी. तीं चूर्णें व ते काढे बहुधा लघवी किंवा जुलाब करवून पाणी काढतात. पाणी गेलें कीं कांटा उतरतो, कांटा उतरला कीं गिऱ्हाईक खूष होतें, आणि दोन तांबे पाणी पोटांत गेलें कीं पैशांखेरीज सर्व कांहीं परत येतें.

आतां दसऱ्यानंतरचे दोन किलो. तेच गणित उलट करावें. दोन किलो चरबी अंगावर चढण्यास १५,४०० उष्मांक गरजेहून अधिक पोटांत जावे लागतील. तुपासह एका पुरणपोळीचे तीनशें उष्मांक धरिले, तर नेहमींच्या पुऱ्या जेवणाखेरीज आणखी पन्नासांवर पुरणपोळ्या दोन दिवसांत संपवाव्या लागतील. असा भोक्ता आपल्या जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल! खरा प्रकार असा कीं, पिष्ट मिळतांच रिकामे झालेले ग्लायकोजनाचे डबे पुन्हां भरतात व आपलें पाणी परत मागून घेतात. पोटांत अन्न येतें. आणि लोणचें, पापड, भजीं यांतून मीठ येतें. रक्तांतील व पेशींबाहेरील पाण्यांत मिठाचें प्रमाण शरीर फार काटेकोरपणें राखतें. सुमारें नऊ ग्रॅम मीठ अधिक झालें तर तें फेडून टाकीपर्यंत लिटरभर पाणी थोपवून धरावें लागतें, व लिटरभर पाण्याचें वजन एक किलो. चरबी जी नऊ दिवसांत हळूच गेली असेल ती गेलेलीच असते. तिच्यावर पाण्याचें पांघरूण पडतें इतकेंच.

येथें उपवासाच्या फराळाविषयीं एक शब्द बोलणें भाग आहे. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं उगीच केलेली नाहीं. साबुदाणा हा बहुतेक निव्वळ पिष्ट आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यांत सुमारें साडेतीनशें उष्मांक असतात, आणि त्यांत शेंगदाण्याचें कूट व तूप पडलें म्हणजे खिचडीची एक थाळी भाकरी-भाजीच्या जेवणाला सहज मागें टाकते. शिवाय बटाट्याचे तळलेले काप, भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी, आणि कोणी कुंथलगिरीचा पेढा पुढें केला तर तोहि उपासाला चालतोच. सैंधव मीठ उपासाला चालतें खरें, पण मूत्रपिंडांना त्यांत व साध्या मिठांत फारसा फरक दिसत नाहीं. तेव्हां सातव्या दिवशीं कांटा वर सरकला तर त्याचें कारण दैवांत शोधूं नये, आदल्या दिवशींच्या ताटांत शोधावें. वयांत आलेल्या मुलींच्या व स्त्रियांच्या बाबतींत आणखी एक कारण असतें. मासिक पाळीच्या आधींचे कांहीं दिवस अंगांत पाणी सांठून राहतें. त्या दिवसांत कांटा एक किलोपर्यंत, कांहीं जणींचा त्याहूनहि वर चढतो, आणि पाळी सुरू झाल्यावर आपोआप उतरतो. मुलींना हें आधीं सांगितलेलें असलें तर पुष्कळ नाहक दुःख वांचतें.

श्रमांचाहि असाच फसवा परिणाम होतो. आश्विनी पौर्णिमेस सोलापुराहून तुळजापुरास पायीं येणारे भाविक सुमारें पंचेचाळीस किलोमीटर चालतात. इतके चालल्यावर वजन घटलें पाहिजे, असें कोणीहि म्हणेल. वाटेंत घाम गेल्यानें तें घटतेंहि. पण संवय नसलेल्या माणसाचे पाय सुजतात, दुखावलेले स्नायु दुरुस्तीसाठीं पाणी धरून ठेवतात, आणि घरीं परतल्यावर एक-दोन दिवस कांटा निघतांना होता त्याहून वरहि असूं शकतो. नव्यानें व्यायाम आरंभलेल्या पुष्कळांचा उत्साह पहिल्या आठवड्यांतच याच कारणानें मावळतो.

सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, चरबी व मांस खरोखर झडत असतांहि कांटा हालत नाहीं, असें घडतें. याचा सविस्तर अभ्यास अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४–४५ सालीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत युरोपांत व आशियांत लाखों लोक उपाशी होते. त्यांस पुन्हां अन्नावर कसें आणावें हें ठरविण्यासाठीं अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानें छत्तीस तरुणांवर प्रयोग केला. धर्मश्रद्धेमुळें शस्त्र हातीं धरण्यास ज्यांनीं नकार दिला होता असे हे तरुण होते. क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांतिवादी ख्रिस्ती पंथांतील कित्येक त्यांत होते, आणि लोकांच्या उपयोगीं पडावें म्हणून ते आपण होऊन पुढें आले होते. चोवीस आठवडे त्यांना बटाटे, सलगम, पाव अशा साध्या अन्नावर अर्धपोटीं ठेवण्यांत आलें. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांशानें घटलें. परंतु जसजसें मांस झडलें तसतसें त्यांच्या पायांत व चेहऱ्यावर पाणी सांठूं लागलें, आणि कांटा जितकी घट दाखवीत होता त्याहून खरी झीज अधिक होती. शरीर सुकत होतें, आणि पाणी त्याची जागा भरून काढीत होतें.

या प्रयोगांतील आणखी एक भाग मुलांनीं व पालकांनीं विशेष लक्षांत घ्यावा. हे तरुण निरोगी, सुशिक्षित व निश्चयी होते. तरी थोड्याच आठवड्यांत त्यांना अन्नावांचून दुसरा विचार सुचेनासा झाला. कित्येक पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसूं लागले. ते चिडखोर व उदास झाले, मित्रमंडळींत मिसळेनासे झाले, थोड्याशा थंडीनेंहि कुडकुडूं लागले. पुन्हां पोटभर अन्न मिळूं लागल्यावरहि त्यांची प्रकृति पूर्ववत् होण्यास महिनेच्या महिने लागले. १९५० सालीं या प्रयोगावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जी मुलगी दोन महिने दुपारचा डबा न उघडतां परत घरीं नेते, तिच्या आळसाचें, रागाचें व अभ्यासांतील दुर्लक्षाचें कारण शोधतांना हे तरुण आठवावे.

पाण्याच्या या खेळाचें अलीकडचें उदाहरण सर्वांनीं वर्तमानपत्रांत वाचलेलें आहे. कुस्ती आपल्याकडे घरचीच. नोव्हेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र केसरी स्पर्धा खुद्द धाराशिव येथें झाली तेव्हां शाळेंतील कित्येक मुलांनीं ती पाहिली असेल. ठराविक वजनगटांत लढणाऱ्या मल्लांना वजन देण्यापूर्वीं अन्नपाणी तोडून व घाम काढून कांटा खालीं आणावा लागतो, आणि वजन दिल्यावर खाऊनपिऊन शक्ति परत मिळवावी लागते. ६ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथील ऑलिंपिकमध्यें विनेश फोगाट हिनें पन्नास किलो वजनगटांत एकाच दिवशीं तीन कुस्त्या जिंकिल्या. सकाळीं जी पन्नासाच्या आंत होती तिचें वजन संध्याकाळीं मर्यादेहून २.७ किलो अधिक भरलें. रात्रभर तिनें व्यायाम केला, घाम काढला, अन्नपाणी वर्ज्य केलें, केसहि कापले. तरी दुसऱ्या दिवशीं सकाळीं कांटा शंभर ग्रॅमनीं वर राहिला व ती अंतिम कुस्तीस मुकली. एका दिवसांत चढलेले ते पावणेतीन किलो म्हणजे चरबी नव्हती. पाणी व अन्न होतें. आणि रात्रभर जें उतरविलें तेंहि पाणीच. कुस्तीचा नियम कांट्याकडे पाहतो, म्हणून मल्लांना तें करावें लागतें. परंतु शालेय मुलांनीं त्यांचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं, आणि आपल्याकडील वैशाखाच्या उन्हांत तर तें जिवावर बेतण्यासारखें आहे.

ज्या प्रौढांस वैद्यांच्या सल्ल्यानें वजन उतरवावयाचें आहे त्यांनीं कांटा टाकून द्यावा असें मात्र नाहीं. त्याला रोज प्रश्न विचारूं नये, एवढेंच. आठवड्यांतून एकदां, त्याच वारीं, सकाळीं शौचविधि झाल्यावर व कांहीं खाण्यापिण्यापूर्वीं, हलक्या कपड्यांत, त्याच कांट्यावर वजन करावें व वहींत लिहून ठेवावें. मग एका आंकड्याकडे न पाहतां चार-सहा आठवड्यांची ओळ पाहावी. आठवड्यास अर्धा किलो ही गति पुष्कळ झाली. कमरेचा पट्टा कोणत्या भोंकावर येतो हाहि एक साक्षीदार आहे, आणि तो रोज साक्ष बदलीत नाहीं.

मुलांची गोष्ट वेगळी. वाढत्या वयांत उंची, हाडें, रक्त हें सर्व बनत असतें, आणि त्याबरोबर वजन वाढलेंच पाहिजे. एखादें मूल उंचीच्या मानानें फारच जड असलें तर डॉक्टरांस दाखवून तळलेलें, गोड व बाटलींतील पेयें कमी करावीं, आणि संध्याकाळीं त्याला मैदानावर पाठवावें. जेवण तोडूं नये. वर्गांत एखाद्या मुलीस "जाडी" किंवा मुलास "ढोल्या" म्हणून हांक मारणाऱ्यांना आपण गंमत करितों असें वाटतें. त्या गमतीपायीं कित्येक डबे न उघडतां परत जातात.

वजनाचे कांहीं फेरफार मात्र पाण्याचे म्हणून सोडून देतां येत नाहींत. दोन-तीन दिवसांत वजन झपाट्यानें वाढून पाय सुजले, चालतांना किंवा निजल्यावर धाप लागली, तर हृदय किंवा मूत्रपिंडें तपासून घ्यावीं. आहार कमी केला नसतां वजन उतरत असेल, आणि सारखी तहान व लघवी लागत असेल तर मधुमेहाची, किंवा संध्याकाळचा ताप व दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर क्षयाची तपासणी सरकारी रुग्णालयांत करून घ्यावी. उलट्या-जुलाबांत वजन एकदम घटलें, लघवी कमी झाली, जीभ सुकली, तर लिटरभर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें घोट घोट पाजावें व डॉक्टरांस बोलवावें. मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यांनीं कोणताहि उपवास धरण्यापूर्वीं, मग तो नवरात्राचा असो कीं रमजानचा, डॉक्टरांस विचारावें. उपाशीपोटीं तीं औषधें रक्तांतील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवितात.

आणि अगदीं लहान मुलांच्या बाबतींत पाणी सर्वांत क्रूर रीतीनें फसवितें. १९७२ च्या दुष्काळांत सुकडी खाऊन दिवस काढलेलीं माणसें आजहि आपल्या गांवांत आहेत. तीं सांगतात कीं, कांहीं मुलें हाडकुळीं दिसत, आणि कांहीं गुबगुबीत दिसूनहि दगावत. त्या गुबगुबीत दिसणाऱ्या मुलांच्या अंगांत अन्नाचा अंश नसे, सूज असे. म्हणूनच अंगणवाडींत ताईंनीं महिन्याचें वजन घेऊन नोंदविलें, तरी बाळाचीं पावलें पाहिल्यावांचून तें वजन खरें मानीत नाहींत. बाळाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठा सुमारें तीन सेकंद दाबून धरावयाचा व उचलावयाचा. दोन्ही पावलांवर खळगा तसाच राहिला, तर कांटा कांहींहि सांगो, तें मूल तीव्र कुपोषित समजून त्याच दिवशीं दवाखान्याकडे पाठवावयाचें असतें. ही परीक्षा कोणत्याहि आईस घरीं करितां येते, व तिला कांटा लागत नाहीं.